फ्लोरामावशी पाण्यात उतरली तो मोसम

पाऊस गेला की आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या गच्चीवर एक भलंमोठं पांढरं शीड वाळत पडतं. चार महिने माळ्यावर गुंडाळून ठेवलेलं असतं, त्यामुळे उलगडताना त्यातून दमट कापडाचा, डांबरगोळ्यांचा आणि कुठेतरी आत दडलेल्या मिठाचा वास येतो. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवायच्या आणि दिवसभर ऊन खाऊ द्यायचं. या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू कपडे वाळत घालायला वर आला आणि थबकला.

"मंडप कुणाकडे आहे, ताई?"

"मंडप नाही. होडीचं शीड आहे."

त्याने कठड्यापाशी जाऊन चौफेर पाहिलं. एकीकडे चंदेरीचा सुळका, दुसरीकडे मलंगगड, मध्ये टॉवरांची बांधकामं आणि खाली उल्हास नदीचं ओसरत चाललेलं गढूळ पाणी. "इथे?" त्याने विचारलं. मी हसले. या प्रश्नाची आता सवय झाली आहे.

आम्ही बेने इस्राएल. मराठी बोलणारे, मराठीतच भांडणारे कोकणातले ज्यू. आडनावं अलिबाग-रोह्याकडच्या गावांची, पण त्या गावांत आता कुणाचं घर नाही. आजोबांच्या पिढीने कारखान्यांत आणि रेल्वेत नोकऱ्या धरल्या आणि ती माणसं अंबरनाथला, उल्हासनगरला, मग इकडे बदलापूरला येऊन राहिली. पुढे बरेचसे इस्राएलला गेले. उरलेली दहा-बारा घरं अंबरनाथच्या छोट्याशा प्रार्थनास्थळात शनिवारी भेटतात. म्हातारी माणसं त्याला अजून मशीदच म्हणतात. सगळे मोठे सण पावसाच्या शेवटी येतात. नव्याचा सण, मग उपवासाचा दिवस, मग पानाफुलांचा मांडव. ते आटोपेपर्यंत इकडे वारा फिरलेला असतो, आणि मग आमच्यातल्या अर्ध्या माणसांना आणखी एक सण सुरू झाल्यासारखं वाटतं. होडी उतरवायचा.

हे सगळं एझ्राकाकांमुळे. एझ्राकाका म्हणजे अंबरनाथ पूर्वेला एकटे राहणारे विधुर गृहस्थ. आयुष्यभर मालवाहू जहाजांच्या इंजिनात काम केलेलं. "चाळीस वर्षं समुद्रावर होतो, पण समुद्र पाहिला कुठे? मी खाली तेलात," असं ते म्हणायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुंबईतून एक जुनी शिडाची होडी मिळवली, अलिबागजवळच्या नवगावच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात जयवंत नाखव्याच्या अंगणात ठेवली, आणि प्रार्थनेनंतर मनुकांचं शरबत पिता पिता एकेकाला विचारायला लागले, "रविवारी मोकळे आहात का?" शनिवारी आम्ही कामाला हात लावत नाही, त्यामुळे रविवार. पहाटे अंबरनाथहून टेम्पो ट्रॅव्हलर निघायची, बदलापुरात आम्हाला घ्यायची, पनवेल, पेण, वडखळ करत उन्हं वर यायच्या आत किनाऱ्यावर. या सगळ्याला आम्ही होडी मंडळ म्हणायचो. अध्यक्ष नाही, पावती नाही. गाडीत जागा मिळाली की सभासद.

दर ऑक्टोबरात मला आठवतो तो सहा वर्षांपूर्वीचा मोसम. त्यानंतरचे मोसमही चांगले गेले, पण आठवणीला चव असते ती त्याच एकाची.

माझी फ्लोरामावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, त्या वर्षी भारत सोडून जाणार होती. तिचा मुलगा डेव्हिड अश्दोदला असतो. मावसाजी गेल्यापासून तो तिला बोलवत होता आणि शेवटी ती 'हो' म्हणाली होती. एप्रिलच्या सुमाराचा वल्हांडणाचा सण झाला की निघायचं. अंबरनाथच्या तिच्या घरातलं कपाट एकाने नेलं, पाटा-वरवंटा दुसऱ्याने. भिंतींवर फ्रेमांचे चौकोन उरले. रविवारी त्या रिकाम्या घरात तिला करमेना, म्हणून मी तिला जवळजवळ ओढूनच टेम्पोत बसवलं.

"मी येईन," ती म्हणाली, "पण होडीत पाय ठेवणार नाही. जेवणाचं बघेन."

मावशी तीस-पस्तीस वर्षं नर्स होती. रक्त, जखमा, बाळंतपणं, कशालाच घाबरली नाही. पाण्याला घाबरायची. आमच्यातल्या प्रत्येक मुलाला लहानपणी सांगतात ना, की आपले पूर्वज दूर देशाहून येत होते, नवगावजवळ त्यांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या किनाऱ्याला लागल्या, बाकीचे बुडाले. आम्ही ती गोष्ट सात जोडप्यांची म्हणून ऐकली. मावशीने ती बाकीच्यांची म्हणून ऐकली होती.

"तुम्ही वाचलेल्यांचं कौतुक करता," पहिल्याच रविवारी ती एझ्राकाकांना म्हणाली. "मी त्या बाकीच्यांच्या बाजूने बोलते, एझ्राभाऊ."

"आपण सगळी त्या चौदा जणांचीच लेकरं आहोत, फ्लोराबाई," काका होडीचा तळ घासता घासता म्हणाले. "बुडालेल्यांना लेकरं झाली नाहीत."

"म्हणूनच त्यांच्या बाजूने कुणीतरी बोलायला नको का?"

काका पुन्हा तळ घासू लागले.

तर मावशी सुरूच्या झाडांखाली चूल मांडून बसायची. हिरव्या वाटणाचं मटण, नारळाच्या दुधातली सुरमई, घावन, आणि सणासारखा दिवस असला तर सांदणं. पातेल्यांवर ओलं फडकं घालायची, वाळू उडू नये म्हणून. जयवंतची बायको पहिल्या दिवशी पाहुण्यांसाठी कौतुकाने कोलंबीचं कालवण आणि चिंबोऱ्या घेऊन आली होती. आम्ही खवल्यांचाच मासा खातो, हे तिला समजावून सांगितल्यावर ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोलंबी नाय, चिंबोरी नाय. मग समिंदरावर येता कशाला गो?" मटणानंतर दुधाचा चहाही नको म्हटल्यावर तिने आशाच सोडली. पुढच्या खेपेपासून मात्र जेवण झालं की न सांगता कोऱ्या चहाची किटली यायची, आलं ठेचून घातलेली.

त्या मोसमात पहिल्याच फेरीला शीड फाटलं. चार महिन्यांच्या दमटपणाने कापड कुजलं होतं. वरच्या टोकापासून पार मधोमध टरकलं आणि आम्ही वल्हवत परत आलो. मुंबईत शीड शिवणारे होते, पण त्यांनी पुढच्या मोसमाचा वायदा केला. मोसम बसल्याबसल्या जाणार, असं वाटायला लागलं. तेव्हा मला उल्हासनगर आठवलं.

उल्हासनगरात माझ्या ओळखीच्या लछमनभाईंचा जीन्स शिवायचा कारखाना होता. गल्लीत शिरलं की निळ्या रंगाच्या पाण्याचा आणि गरम इस्त्रीचा वास, आणि आतून पंधरा-वीस मशीनची एकसारखी घरघर. मी आणि काकांनी शीड त्यांच्या कटिंगच्या लांब टेबलावर पसरलं तर दोन्ही बाजूंनी खाली लोंबलं. लछमनभाईंनी चष्मा कपाळावर चढवला, कापड चिमटीत धरलं, एका कडेने पूर्ण चालत गेले.

"साईं, ही तर हत्तीची पँट आहे," ते म्हणाले.

"शिवाल का?"

"हत्तीला कधी पायजे?"

डबल सुईच्या मशीनवर ते स्वतः बसले. दोन मुली दोन बाजूंनी कापड उचलून धरत होत्या. पांढरा जाड दोरा त्यांच्याकडे नव्हताच, त्यामुळे जीन्सचाच नारिंगी दोरा चालवला. आमच्या पांढऱ्या शिडाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत नारिंगी शिवण आली. ती अजून आहे. किनाऱ्यावरच्या पोरांना लांबून होडी ओळखू येते.

शिवणावळीचं विचारलं तर लछमनभाई म्हणाले, "एक रविवार घेऊन चला. बघतो तरी, माझी शिलाई वाऱ्यात टिकते का." मग जरा थांबून म्हणाले, "बाबा फाळणीत कराचीहून जहाजात बसून आले. मुंबईला उतरले, इकडे कँपात आले. मरेपर्यंत परत समिंदर बघायला गेले नाहीत. मी पण नाय गेलो. चौपाटीला भेळ खाल्ली, पण तोंड गाडीवाल्याकडे."

ते आले जानेवारीच्या शेवटी, बायकोसह. कविताभाभींनी डबाभर कोकी आणली होती. कांदा आणि अनारदाणा घातलेल्या त्या जाड सिंधी पोळ्या गाडीतच वडखळपर्यंत संपल्या. सकाळी जमिनीवरून वारा होता, थंड आणि सरळ. होडीत आम्ही तिघं होतो. सुकाणूवर एझ्राकाका, शिडाच्या दोरावर मी, आणि नाकासमोर बघत ताठ बसलेले लछमनभाई. शीड फुगलं. शिवण ताणली आणि टिकली. त्यांनी खालून तिच्याकडे पाहिलं, अगदी पोरीच्या शाळेच्या कार्यक्रमात बाप बघतो तसं.

किनाऱ्यावर मावशी पातेलं ढवळत होती. लांबून तिची पिवळी साडी तेवढी दिसत होती.

दुपारच्या सुमाराला तिथे वारा पडतो. सकाळचा जमिनीवरचा वारा थांबतो आणि समुद्रावरचा सुरू व्हायला वेळ लागतो. मधला तास-दीड तास पाणी तेल ओतल्यासारखं होतं. अशा वेळी होडी नुसती डुलते, पुढे जात नाही. लछमनभाई पांढरे पडले आणि होडीच्या तळाशी आडवे झाले. काका म्हणाले, थांबलोच आहोत तर ती कप्पी अडकते आहे ती सोडवतो. चाकू घेऊन दोर कापायला गेले, होडी कलली आणि चाकू त्यांच्या डाव्या तळव्यातून आडवा गेला.

रक्त पुष्कळ आलं. मी ओढणीने आवळून धरलं, पण थांबेना. मग मी दुसऱ्या हाताने काकांची लाल टोपी हलवायला लागले. किनाऱ्यावर जयवंतने ती पाहिली. नंतर त्याने सांगितलं की मावशीने त्याला फक्त विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "कोनाला तरी लागलंय." बस, एवढंच.

आम्हाला दिसलं ते असं. पिवळी साडी चुलीपासून उठली. गाडीकडे गेली, परत आली. मग पाण्याकडे निघाली आणि थांबली नाही. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. जयवंतने त्याची वल्ह्याची छोटी होडी ओढली, हात दिला, आणि ती आत बसली, औषधांची पिशवी मांडीवर घट्ट धरून.

काका हाताकडे बघायचं विसरले. "फ्लोरा पाण्यात उतरली," ते म्हणाले. 'बाई' गळून पडली, हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

जवळ आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं नाही, लछमनभाईंकडे पाहिलं नाही. दोन होड्यांच्या मधल्या फटीत हिरवं खोल पाणी हलत होतं, तिकडेही पाहिलं नाही. जयवंत म्हणाला, "मावशे, माज्या खांद्याव हात ठेव," आणि ती आमच्या होडीत आली. जखम धुतली, दाबली, पट्टी बांधली. सगळं तिच्या जुन्या वॉर्डातल्या वेगाने.

"हात वर धरा, एझ्रा. छातीच्या वर. खाली आणायचा नाही."

'भाऊ'ही गेला होता.

तेवढ्यात पश्चिमेकडून पाण्यावर सुरकुत्या उमटत आल्या. वारा आला. जयवंतची होडी खालीवर नाचायला लागली आणि मावशीला तिच्यात परत पाठवणं शक्य राहिलं नाही. तो ओरडला, "तुमी या, मी म्होरं जातंय." मावशीने तेव्हा पहिल्यांदा आजूबाजूला पाहिलं. सगळीकडे पाणी होतं. तिचे ओठ हलायला लागले. ती 'शेमा' म्हणत होती, आम्ही संकटात आणि झोपताना म्हणतो ती प्रार्थना.

काका शांतपणे म्हणाले, "फ्लोरा, माझा एक हात तू वर धरायला सांगितलास, दुसऱ्याने तो आवळून धरलाय. रिव्का दोर सोडू शकत नाही. लछमनभाई तर आज नाहीतच. सुकाणू तुला धरावं लागेल."

"मला येत नाही."

"तो दांडा आहे. धर. आता समोर बघ. काय दिसतं?"

"झाडं."

"झाडांखाली?"

"माझी पातेली."

"बस्स. पातेल्यांकडे ने."

आणि ती आम्हाला पातेल्यांकडे घेऊन निघाली. दोन्ही हातांनी दांडा धरून, पदर खोचून, जबडा आवळून. होडी आधी उलट बाजूला वळली, कारण सुकाणू उजवीकडे ढकललं की होडी डावीकडे जाते. मावशी तिला रागावली. मग तिला ते उमगलं. काका वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलासारखे हात वर करून बसले होते आणि एकेक शब्द सांगत होते. थोडं इकडे. आता सोड. आता धर. वाऱ्याने शीड भरलं, होडी एका अंगावर झाली आणि पाणी कडेशी खळखळ बोलायला लागलं. मी मावशीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेली नव्हती. पण तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि त्याला जागा करून देताना भीती जरा सरकली होती.

आम्ही वाळूवर जरा जोरातच आपटलो. लछमनभाई उठून बसले आणि म्हणाले, "आलं का कराची?"

मावशी उतरली ती थेट चुलीकडे गेली. झाकण काढलं, पळी घातली. "खाली लागलं नाही," तिने जाहीर केलं. मग वाळूत बसली आणि ताट घेऊन सगळ्यांच्या आधी जेवायला लागली. तिने असं कधीच केलं नव्हतं. आम्ही बघत राहिलो.

"बुडालेल्यांना काय वाटलं ते मला ठाऊक नाही," ती घास घेता घेता म्हणाली. "पण जे किनाऱ्याला लागले त्यांना काय वाटलं, ते आज कळलं. भूक लागते."

पुढच्या आठवड्यात तिच्या त्या अर्ध्या रिकाम्या घरात तिने मलिदा केला. नवस फेडायचा असला, काही चांगलं झालं, की आम्ही एलियाहू हनाबीच्या नावाने तो करतो. पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं, आणि भोवती बसून म्हणायची प्रार्थना. भांडी दिलेली होती, म्हणून पोहे तिने लग्नातल्या पितळी परातीऐवजी शेजारणीच्या स्टीलच्या घमेल्यात कालवले. लछमनभाई आणि कविताभाभीही आले होते. एलियाहू कोण, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं की ते संत, अग्नीच्या रथात बसून वर गेले, आणि कोकणात ते येऊन गेले असं आमचे लोक मानतात.

"आमचे झूलेलाल मासळीवर बसून येतात," लछमनभाई मलिदा खात म्हणाले. "तुमचे रथवाले, आमचे मासळीवाले. समिंदरात आमचे बरे पडतील."

काका एवढे हसले की त्यांना पट्टीचा हात धरून बसावं लागलं.

त्यानंतरचे रविवार माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. मावशी चूल जयवंतच्या बायकोवर सोपवायला लागली, तिला वाटणाचं प्रमाण शिकवून. आधी अर्धा तास होडीत, मग सकाळभर. फेब्रुवारीतलं लख्ख पाणी. टेम्पोत परतताना खारट, ताठ झालेले केस. कुणाच्या तरी मोबाइलवर जुनी गाणी आणि मागच्या सीटवर झोपलेल्यांची कलती डोकी. वडखळला चहाला उतरलं की काका आणि मावशी गाडीच्या सावलीत उभं राहून वाऱ्यावर वाद घालायचे. मला वाटतं, माणसं वयाच्या साठीनंतर एकमेकांच्या जवळ येतात ती अशा निरुपयोगी विषयांवरून. मुलं, आजार, घर हे सगळं बोलून झालेलं असतं. वारा तेवढा रोज नवा.

वल्हांडण आला आणि गेला. मावशी निघाली नाही. डेव्हिडला ती म्हणाली, उन्हाळा संपू दे. त्याला ते कळेना. उन्हाळ्यात तिथे कोण राहतं?

मे महिन्याच्या शेवटी आम्ही होडी वर काढायला गेलो. पाऊस यायच्या आत ती वाळूवरून ओंडक्यांवर सरकवत जयवंतच्या अंगणात न्यावी लागते. दोर बांधून सगळ्यांनी ओढायची. मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून मागून ढकलत होती आणि काकांना ओरडत होती, "एझ्रा, उजवीकडे, उजवीकडे." तिच्या पिशवीतला फोन वाजला. मी घेतला. व्हिडिओ कॉल होता, डेव्हिडचा.

"रिवूताई, आई कुठाय?"

मी फोन वळवला.

"ती पाण्यात काय करतेय?"

"होडी काढतेय."

"आई? पाण्यात?" मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, "म्हणजे ती येत नाही."

"नाही वाटत."

"त्या काकांमुळे?"

"त्यांच्यामुळेही," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. तो 'ही' फार महत्त्वाचा होता.

पडद्यावर तो बघत राहिला. दोराला लछमनभाई होते, कविताभाभी होत्या, जयवंत, त्याची बायको, आमच्यातले पाच-सात जण, बहुतेक पन्नाशी ओलांडलेले. होडी वीतभर सरकायची आणि थांबायची.

"ओढायला माणसं कमी आहेत गं तुमच्याकडे," तो म्हणाला.

"ये मग."

तो आला. त्याच वर्षी, पाऊस संपल्यावर, आईच्या लग्नाला. अंबरनाथला लग्न झालं, आदल्या रात्री मेंदी झाली, मावशी पांढरी साडी नेसली आणि काकांनी नवऱ्यासारखं लाजून घेतलं. त्याच रविवारी आम्ही सगळे होडीवर गेलो. डेव्हिड मधोमध उभा राहून मोबाइलवर आईचा व्हिडिओ काढत होता. सुकाणूवर मावशी होती. तिने होडी वळवायला घेतली, आणि शिडाचा जड आडवा दांडा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन यायला निघाला.

"डेव्ही, डोकं खाली," ती म्हणाली.

आणि अश्दोदहून आलेला, टक्कल पडायला लागलेला, दोन मुलांचा तो बाप काही न विचारता गपकन खाली वाकला.